कबुतरांची मानमोडी आणि तिची लस

ढाबळीतले चांगले उडते कबूतर एके सकाळी मान वाकडी करून बसते. दाण्यावर मारलेली चोच भलतीकडेच पडते. पाणी मात्र ते सारखे पिते आणि शीट पातळ, हिरवट होते. पुढे तर ते जागच्या जागी गरगर फिरू लागते. श्रोतेहो, या रोगाला मराठीने दिलेले मानमोडी हे नाव किती चपखल आहे! (1918 च्या इन्फ्लुएंझालाही आपल्या लोकांनी हेच नाव दिले होते, पण तो रोग निराळा.)

हा रोग विषाणूचा. 1926 साली जावा बेटावर व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तो कोंबड्यांत ओळखला गेला. पाठोपाठ आपल्याकडे कुमाऊँतील रानीखेत येथे आढळला, म्हणून आपल्या देशात त्याचे नाव 'रानीखेत' पडले. कबुतरांत रुळलेली त्याची जात मात्र 1980 च्या सुमारास मध्यपूर्वेकडून युरोपात पसरली. 1984 साली लिव्हरपूल बंदरातील कोठारांत रोगी कबुतरे शिरली, त्यांच्या शिटीने बाटलेला माल कोंबड्यांच्या खाद्यात गेला, आणि इंग्लंडात कोंबड्यांची साथ उठली. तेव्हा ढाबळ हा एकट्या शौकिनाचा मामला राहत नाही. धाब्यावरच्या कबुतराची शीट शेजारणीच्या अंगणात पडते, आणि तिच्या चार कोंबड्या म्हणजे तिची अडीनडीची शिल्लक असते.

या रोगावर औषध नाही, लस आहे. कबुतरांना मेलेल्या विषाणूची लस मानेच्या मागल्या बाजूस, डोक्यापासून दूर, कातडीखाली टोचतात. ती दरवर्षी, जोड्या लावण्यापूर्वी द्यावी. अंगात प्रतिकार यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून ती निरोगी पक्ष्यालाच आणि वेळेआधीच टोचायची असते. साथ दाराशी आल्यावर धावाधाव करून काय उपयोग? कोंबड्यांची 'आरटूबी' ही जिवंत लस आपल्या मनाने कबुतरांना टोचू नये, पशुवैद्यांना विचारावे. लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे. आपल्या वैशाखात ती खिशातून नेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. मेलेल्या विषाणूची लस गोठूही देऊ नये.

आजारी पक्षी वेगळा ठेवून खोल भांड्यात दाणे द्यावेत. पुष्कळ कबुतरे काही आठवड्यांत सावरतात. त्यांना हाताळल्यावर डोळे चोळू नयेत, माणसाचेही डोळे येतात.

आता खानदेशाचीच एक गोष्ट. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा मालकांचे म्हणणे ती रानीखेतच असे होते. भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि देशातला पहिला बर्ड फ्लू तेथे निघाला. नुसत्या डोळ्यांनी हे दोन रोग वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून एकाएकी अनेक पक्षी मेले, तर ते उकिरड्यावर न टाकता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी वर्दी द्यावी.