अणुकचरा समजून घेताना : लेखांक ५ – टाकीतला आणि भंगारातला

मागच्या आठवड्यात आपण तारापूरला होतो. अणुभट्टीच्या इंधनातून निघणारा सर्वांत जहाल कचरा काचेत कसा कोंडतात, ते पाहिलं. बिबवेवाडीतला वाचक म्हणेल, ते सगळं पालघर जिल्ह्यात. गंगाधाम चौकात किंवा अप्पर इंदिरानगरात त्याचं काय? अणुभट्टी इथून लांब आहे खरी. पण कोणत्याही मोठ्या शहरात किरणोत्सारी पदार्थ रोज वापरले जातात: रुग्णालयांत आणि कारखान्यांत.

आधी रुग्णालयाचं पाहू. थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच रुग्णांना आयोडीन-१३१ देतात. थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी ते शोषून घेतात. बाकीचं बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून मोठा डोस घेतलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्या खोलीच्या संडासाचा पाइप थेट ड्रेनेजला न जोडता खास टाक्यांकडे नेतात. एक टाकी भरली की ती बंद करून दुसरी सुरू करायची. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा उरतो. मोजमाप मर्यादेत आलं की मगच ते पाणी ड्रेनेजमध्ये सोडायचं. हाडांच्या स्कॅनचं टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, पेट स्कॅनचं फ्लोरीन ११० मिनिटांत. त्यांच्या सुया आणि कापूस काही दिवस बंदोबस्तात ठेवले की काम भागतं. इथे विल्हेवाट म्हणजे मुख्यतः थांबणं, आणि थांबल्याची नोंद ठेवणं.

ही नोंद कुणाकडे असते? २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम किरणोत्सारी कचऱ्याला लागू नाहीत. तो अणुऊर्जेविषयीच्या कायद्याखाली येतो आणि त्यावर देखरेख मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची असते. पण रुग्ण घरी आला की ही साखळी सैल पडते. त्याच्या शरीरात थोडं आयोडीन अजून असतं. त्यानं फ्लश दोनदा करावा, लहान मुलं आणि गरोदर बाईपासून काही दिवस अंतर राखावं, असं डॉक्टर सांगतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे डायपर मात्र सकाळी दारात येणाऱ्या कचरावेचक ताईंच्या हातात जातात. एका डायपरमधून मिळणारा डोस अगदी थोडा असतो. तरी ते किती दिवस बाजूला ठेवायचे, हे घरच्यांनी डिस्चार्ज घेतानाच विचारून घ्यावं. ताईंना ते कळायला दुसरा मार्ग नाही.

खरा घात होतो तो दीर्घायुषी पदार्थांनी. कोबाल्ट-६० निम्मं व्हायला सव्वापाच वर्षं लागतात. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं १९६८ च्या सुमारास कोबाल्ट-६० असलेलं एक गॅमा यंत्र घेतलं होतं. १९८५ पासून ते पडून होतं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. सुमारे बेचाळीस वर्षांत त्यातला कोबाल्ट अडीचशेव्या हिश्शाच्या आसपास आला होता. तेवढ्यानंही एकाचा जीव घेतला आणि बाकीचे कामगार होरपळून रुग्णालयात पोहोचले. एका दुकानदाराच्या पाकिटात त्याचा तुकडा होता.

असा तुकडा कुणाच्या लक्षात न येता भट्टीत वितळला तर? त्याचं उत्तर आपल्या घाटाखालीच आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. माग काढत गेल्यावर ते पोलाद खोपोलीच्या एका ओतशाळेतलं निघालं. भंगारात आलेला स्रोत इथे वितळला आणि फ्रान्समध्ये पकडला गेला.

किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह ज्याला शिकवलेलं नाही, त्याला ते पंख्यासारखं दिसतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेलाही हे पटलं आणि २००७ मध्ये जास्त घातक स्रोतांसाठी लाल रंगाचं नवं चिन्ह आलं: वर किरणं, खाली कवटी आणि पळणारा माणूस. पण भंगारात येणारी बरीच यंत्रं त्याच्याही आधीची असतात.

थोडक्यात, टाकीतला कचरा आठ दिवसांत निम्मा होतो आणि त्याच्यावर माणूस नेमलेला असतो. भंगारातला कचरा वर्षानुवर्षं टिकतो आणि विक्रीची पावती फाटली की त्याचा वाली कुणी उरत नाही. नियमाप्रमाणे वापर संपलेला स्रोत पुरवठादाराकडे किंवा अधिकृत ठिकाणी परत गेला पाहिजे. ती जबाबदारी विकणाऱ्याची आहे, हातोडा मारणाऱ्याची नव्हे. म्हणून भंगारवाल्यांना चिन्हं ओळखायला शिकवायला हवंच, पण त्याआधी प्रयोगशाळा आणि कारखाने यांच्या जुन्या सामानाच्या लिलावाला किरणोत्सार तपासणीचा दाखला सक्तीचा हवा. दहा मिनिटांचं मोजमाप मायापुरीत पुरेसं ठरलं असतं.

(पुढील आठवड्यात : तारापूरसाठी उठलेली गावं – अक्करपट्टी आणि पोफरण)