तळ्यातले, काढ्यातले आणि देव्हाऱ्यातले कमळ

कमळाचा कंद तळ्याच्या तळाशी, चिखलात आडवा वाढतो. त्याच्या पेरांतून लांब देठ पाण्यावर येतात आणि प्रत्येक देठाला थाळीएवढे गोल पान किंवा एकच फूल लागते. पान कुठेही चिरलेले नसते. देठ त्याला मधोमध, खालून जोडलेला असतो. कुमुदिनीच्या पानाला मात्र देठापर्यंत खाच असते आणि ते पाण्यावर पसरलेले राहते. एवढी खूण लक्षात ठेवली तर दोन्हींत गल्लत होत नाही. दिसायला सख्ख्या बहिणी असल्या तरी या वनस्पतींचे नाते दूरचे आहे. जनुकीय अभ्यासानुसार कमळाच्या जवळच्या नातलगांत चक्क काश्मीरचा चिनार मोडतो.

कमळाच्या पानावर पडलेले पाणी गोल थेंब होऊन घरंगळते आणि जाताना धूळही घेऊन जाते. पानावर अतिसूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे बारीक कण असल्याने थेंबाला टेकायला जागा फार थोडी मिळते. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली ही यंत्रणा सविस्तर मांडली. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात आसक्ती सोडून कर्म करणाऱ्याला याच पानाची उपमा दिलेली आहे. एवढे देखणे फूल समोर असताना पान निवडणाऱ्याने तळे नीट न्याहाळले असणार. बीही तसेच विलक्षण चिवट: चीनच्या लिआवनिंग प्रांतातील एका कोरड्या पडलेल्या तळ्यात सापडलेले, सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचे बी रुजवून दाखवण्यात आले आहे.

आयुर्वेदात कमळ शीत, चवीला तुरट-गोड आणि पित्तशामक मानले जाते. चरकसंहितेत मूत्राचा बिघडलेला रंग पूर्ववत करणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण आहे; त्यातली पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक, पुंडरीक आणि शतपत्र ही सात कमळ-कुमुदांचीच आहेत. दाह, तहान आणि रक्तपित्त यांवर सुश्रुताने सांगितलेला उत्पलादि गणही बहुतेक याच फुलांचा. म्हणजे वैद्यांनी या दोन वनस्पती ओळखल्या वेगळ्या, पण वापरल्या एकाच कुटुंबातल्या समजून.

औषधात झाडाचा कोणताच भाग वाया जात नाही. फुलातले पिवळे पुंकेसर म्हणजे पद्मकेसर रक्ती मूळव्याधीत लोणी आणि खडीसाखरेबरोबर देण्याची पद्धत आहे. लहान मुलांच्या अरविंदासवात कमळच मुख्य. कंदाची भाजी काश्मिरी आणि सिंधी घरांत आवडीने होते. काळ्या, टणक बियांना कमळगट्टा म्हणतात; त्यांच्या माळेवर लक्ष्मीचा जप होतो. बी फोडले की आत निघणारा हिरवा कोंब कडू असतो, म्हणून खाण्यापूर्वी तो काढून टाकतात. चीनमध्ये मात्र त्याच कोंबाचा चहा करून पितात. उपवासाचा मखाणा अनेकांना कमळाचेच बी वाटते, पण तो बिहारच्या तळ्यांत होणाऱ्या वेगळ्या, काटेरी पाणवनस्पतीचा असतो. कमळाच्या पानांत न्यूसिफेरीन आणि कोंबात नेफेरीन ही अल्कलॉइडे सापडली आहेत. त्यांच्यावरचे संशोधन अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेले आहे, त्यामुळे चालू औषधे सोडून कमळाच्या गोळ्यांवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

धर्मकल्पनांत कमळ सर्वांत आधी जन्माशी जोडले गेले. विष्णूच्या नाभीतून उगवलेल्या कमळावर ब्रह्मदेव प्रकटतो. कमळात उभी किंवा बसलेली, दोन हत्ती जिच्यावर पाणी ओततात ती गजलक्ष्मी भरहुत आणि सांचीच्या बौद्ध शिल्पांतही आहे. जैनांत सहावे तीर्थंकर पद्मप्रभ यांचे चिन्ह लाल कमळ, तर एकविसावे नमिनाथ यांचे निळे. योगमार्गाने शरीरातच कमळे मांडली: मूलाधाराला चार पाकळ्या, अनाहताला बारा, मस्तकातले सहस्रदल.

अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणीच्या हातातही निळे कमळ आहे. खऱ्या कमळात निळा रंग आढळत नाही. ते नीलोत्पल, म्हणजे कुमुदिनीच्या जातीतले फूल. वेरूळच्या कैलास लेण्यात मंडपाच्या छतावर भलेमोठे कमळ कोरलेले असून त्याभोवती चार सिंह आहेत. हे कमळ डोंगराच्या कड्यावरूनच पुरते दिसते. कोल्हापूरच्या अंबाबाईला महालक्ष्मी म्हणत असले, तरी मूळ मूर्तीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. कमळ एकाही हातात नाही.