सडपातळ आहात, पण स्नायू किती?

दोन शास्त्रज्ञ. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही सारखाच, 22.3. तक्त्यात पाहिलं तर दोघेही 'नॉर्मल'च्या रकान्यात. मग दोघांचं डेक्सा यंत्रावर स्कॅनिंग झालं. युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने एका टिपणात हे आकडे दोघांच्या छायाचित्रासह छापले आणि मधुमेहतज्ज्ञांमध्ये ते 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून प्रसिद्ध झाले.

उंचीच्या मानाने वजन सारखं आणि चरबी दुपटीहून जास्त, म्हणजे दुसरं काहीतरी कमी असणार. ते दुसरं म्हणजे मुख्यतः स्नायू. याचं कारण काय, जन्म की जीवनशैली? युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी दार बंद व्हायच्या आत रुग्णालयाची लिफ्ट गाठणं, अशी मिश्कील कबुली त्या टिपणातच होती. पण उत्तराचा एक भाग त्याहून बराच आधीचा, थेट आईच्या पोटातला आहे.

1993 पासून केईएमच्या संशोधकांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची होती, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली साडेतीन किलोची. वजनातली ही तूट सगळ्या अवयवांनी सारखी वाटून घेतलेली नव्हती. पुण्याकडच्या बाळांचे दंड बारीक होते, पोटाचा घेर कमी होता, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत होती. पोषण तोकडं पडलं की गर्भ आधी मेंदू सांभाळतो आणि स्नायूंच्या वाट्याला काटछाट येते. बाळ दिसायला हडकुळं, पण प्रमाणात चरबी जास्त.

स्नायूंची ही तूट नुसती दिसण्यापुरती नसते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ठेवायचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. यकृतात जेमतेम शंभर ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात मावते, तर स्नायूंमध्ये त्याच्या चौपट-पाचपट. कोठार लहान असेल तर साखर रक्तातच रेंगाळते. शिवाय स्नायू आकुंचन पावतात तेव्हा साखर आत घेणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही व्यायाम साखर उतरवतो, तो यामुळेच.

म्हणूनच भारतीयांसाठी मोजपट्टी कडक केली आहे. आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स 23 झाला की वजन जास्त आणि 25 झाला की लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची 80 सेंटीमीटरच्या आत असावी. हात-पाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, ही ओळखीची ठेवण 'आमच्याकडे सगळे असेच' म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

यातली दिलाशाची गोष्ट अशी की, स्नायूतंतूंची संख्या जन्माच्या सुमारास बरीचशी ठरून जात असली तरी त्यांची जाडी ठरलेली नसते. ताण दिला की तंतू जाड होतात, न दिला तर झिजतात. पन्नाशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का या गतीने स्नायू घटू लागतात आणि ताकद त्याहून वेगाने उतरते. आधी बारीक होतात ते चपळ तंतू. ठेच लागल्यावर क्षणात तोल सावरतात तेच हे.

मग 'आता या वयात काय' या वाक्याचं काय करायचं? त्याचा निकाल 1990 सालीच बोस्टनमध्ये लागला. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. सरासरी वय होतं 90. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. याच गटाने 1994 मध्ये शंभर वृद्धांवर पुढचा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही आणि काहींना यातलं काहीच नाही. ताकद वाढली ती व्यायाम करणाऱ्यांची. नुसत्या पौष्टिक पेयाने काही साधलं नाही. प्रोटीन पावडरचा डबा आणला आणि जिमची पायरी चढलोच नाही, तर काय होतं ते यावरून कळावं.

ताण देणं म्हणजे काय, हे पुण्याच्या पेठांना नव्याने सांगायची गरज नाही. चिंचेची तालीम, खालकर तालीम, निंबाळकर तालीम ही नावं अजून पत्त्यांमध्ये टिकून आहेत. टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना 1924 ची. जोर, बैठका, मल्लखांब, करेल फिरवणं हे सगळं विज्ञानाच्या भाषेत रोधक व्यायामातच मोडतं. हळूहळू भार वाढवत नेणं हा त्याचा मूळ नियम वस्तादांना पुस्तकाविना ठाऊक होता. मात्र एक फरक लक्षात ठेवावा. वीस बैठकांच्या दोनशे झाल्या की वाढतो तो मुख्यतः दमसास. ताकद वाढवायची तर संख्येपेक्षा भार वाढवायला हवा, म्हणजे खांद्यावर वजन घ्या किंवा एका पायावर बैठक मारा. आणखी एक उणीव सूर्यनमस्कारात राहते. त्यात हातांनी जमीन ढकलणं आहे, पण काही ओढणं नाही. पाठ आणि दंडाचा तो भाग मल्लखांबाचा दोर भरून काढतो. दोर नसेल तर बागेतला सिंगल बार चालेल.

पुणेकरांचा आवडता व्यायाम अर्थातच चालणं. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती आणि रविवारी सिंहगड. हृदयासाठी आणि दमासाठी हे उत्तमच. पण सिंहगडाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पायथ्यापासून साधारण सहाशे मीटरची चढण धरली, तर 65 किलोच्या माणसाला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 380 किलोज्यूल, म्हणजे 90 किलोकॅलरींचं काम करावं लागतं. स्नायूंची कार्यक्षमता चतुर्थांश धरली तर खर्च झाला साडेतीनशे किलोकॅलरींच्या आसपास. वर गेल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही यांत तो सहज भरून निघतो, वर थोडं शिल्लकही राहतं. गडाचा खरा फायदा उतरताना होतो. तेव्हा मांडीचे स्नायू भार पेलत लांब होत जातात, आणि असा ताण त्यांना चांगलाच जागा करतो. मंगळवारी जिना उतरताना जे कळवळायला होतं, ते त्यामुळेच.

राहिला आहार. भारतीय शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. उतारवयात स्नायू प्रथिनांना थंड प्रतिसाद देतात, म्हणून तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात. म्हणजे 60 किलोच्या आजींना 60 ते 72 ग्रॅम. आता ताट पाहा. नाश्त्याला पोहे, दोन्ही जेवणांत पोळी-भाजी, पातळ आमटी, भात आणि ताक. ढोबळ बेरीज चाळिशीच्या आसपास अडखळते. ती वाढवायला परदेशी काही आणायला नको. आमटी घट्ट करावी, मोड आलेली मटकी रोजची करावी, मूठभर दाणे म्हणजे सात-आठ ग्रॅम, दोन अंडी म्हणजे बारा, 50 ग्रॅम पनीर म्हणजे नऊच्या आसपास. धान्यात लायसिन कमी आणि डाळीत ते भरपूर, त्यामुळे वरण-भाताची जोडी शास्त्राला धरूनच आहे. फक्त भाताचं प्रमाण कमी आणि वरणाचं जास्त हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक सूचना. याज्ञिकांच्याच गटाने पुणे शहर आणि परिसरातले मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी आढळलं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. स्नायूंना आज्ञा पोचवणाऱ्या मज्जातंतूंना ते लागतं. तपासणी करून कमी निघालं तर गोळी घ्यावी, त्यात कसला कमीपणा नाही.

जन्माची उणीव आयुष्यभराच्या सरावाने किती भरून निघते, याचं एक उदाहरण याच शहराने जवळून पाहिलं. बी. के. एस. अय्यंगार 1918 मध्ये जन्मले तेव्हा आईला इन्फ्लुएन्झा झाला होता. बालपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने ते खंगलेले होते. 1937 मध्ये योग शिकवायला ते पुण्यात आले, इथेच राहिले आणि नव्वदीनंतरही रोज आसनं करत होते. 2014 मध्ये 95 व्या वर्षी ते गेले. एका उदाहरणाने सिद्धांत ठरत नाही, पण बोस्टनच्या आकड्यांशी ते विसंगतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला थोडक्यात असा : आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दम वाढवणारी हालचाल, शिवाय निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पहिला भाग पुणेकर टेकडीवर पुरा करतात, दुसरा बहुतेकदा राहूनच जातो. आपण कुठे आहोत ते पाहायचं तर जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात, गुडघा न टेकवता उठा. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 51 ते 80 वयाच्या दोन हजार लोकांची अशी चाचणी घेतली होती. ज्यांना जास्त आधार घ्यावा लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू जास्त होते. उठायला हात टेकवावा लागला तर घाबरून जाऊ नका. टेबलाचा आधार घेऊन रोज दहा बैठका सुरू करा, सोप्या वाटू लागल्या की आधार सोडा, आणि त्याही सोप्या झाल्या की दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या.