कोजागिरीला चालत तुळजापूर : पिशवीत काय घ्याल, काय घरीच ठेवाल?

दसरा झाला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. तुळजाभवानी माता विश्रांतीला जाते आणि भाविक चालायला लागतात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. या दिवसांत सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, लातूर आणि पलीकडे कर्नाटक-तेलंगणातून निघालेले जथे रस्त्यावर असतात. ज्यांना पहिल्यांदाच निघायचंय, त्यांच्यासाठी हा मजकूर.

देवी निद्रेत, मग दर्शन कुणाचं?

नवख्या माणसाला हा प्रश्न हमखास पडतो. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. देवी वर्षातून तीनदा निद्रा घेते. नवरात्राआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. महिषासुराशी झालेल्या युद्धाचा शीण घालवण्यासाठी श्रमनिद्रा, अशी श्रद्धा आहे. सीमोल्लंघनाच्या पहाटे मूर्ती पालखीतून मिरवते आणि नंतर पलंगावर विसावते. पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, तर पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून. पौर्णिमेच्या पहाटे देवी पुन्हा सिंहासनावर बसते. त्याच वेळेला पोहोचायचं म्हणून ही सगळी पायपीट.

एक अडचण लक्षात घ्या. २०२५ मध्ये पौर्णिमा ६ तारखेला दुपारी लागली आणि ७ ला सकाळी संपली. त्यामुळे कोणता विधी कोणत्या पहाटे, हे मंदिर संस्थानचं वेळापत्रक बघूनच ठरवा. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून निघू नका. (आम्ही एकदा निघालो होतो.)

आधी हिशेब

सोलापुरातल्या रूपाभवानी मंदिरापासून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. सपाट रस्त्यावर माणूस तासाला चार किलोमीटर चालतो, म्हणजे नुसतं चालणंच अकरा-बारा तासांचं. चहा, फराळ, पाय चोळणं, उगाच बसणं धरलं तर पंधरा तास. त्यात शेवटचा टप्पा घाटाचा, आणि तो येतो तेव्हा पाय आधीच संपलेले असतात. धाराशिवहून अंतर जवळपास निम्मं आहे. पहिलीच वेळ असेल तर तिथून निघण्यात काहीही कमीपणा नाही.

ऑक्टोबरचं ऊन डांबरावर दुप्पट वाटतं. म्हणून अनुभवी लोक दुपार कलल्यावर निघतात आणि रात्रभर चालतात. चांदणं असतंच.

पिशवीचं वजन

मी इंजिनिअरिंग केलंय, त्याचा घरी झालेला एकमेव उपयोग म्हणजे निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या पिशव्या मी काट्यावर टांगते. पहिल्या वर्षी आईची पिशवी साडेसात किलोंची निघाली. आत पाच नारळ, खण, दोन साड्या, धपाटे, शेंगाचटणीचा डबा, स्टीलचा तांब्या. नारळ, खण, हळद-कुंकू, ओटीचं सगळं सामान तुळजापुरात पावलोपावली मिळतं. ते ४५ किलोमीटर खांद्यावरून नेल्याने देवी जास्त प्रसन्न होईल असं आईचं म्हणणं होतं. तामलवाडीपर्यंत ते बदललं. चार नारळ तिथल्या एका अन्नछत्रात दिले, एक मात्र तिने सोडला नाही.

अडीच-तीन किलोंच्या वर जाऊ नका. जेवणाचं ओझं तर नकोच, कारण या वाटेवर उपाशी राहणं अवघड आहे. चहा, केळी, खिचडी, पाणी देणारे मंडप ठिकठिकाणी असतात आणि पाय चेपून देणारे स्वयंसेवकही. पाण्याची एक लिटरची बाटली मात्र स्वतःची ठेवा, कारण ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यातच कालवायची असते. अर्ध्या बाटलीत कालवून घट्ट प्यायल्याने फायदा नाही, उलट त्रास होतो. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट भरलेला.

बाकी पातळ टॉवेल, एक सुती कपड्यांचा जोड, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्यात काय झालं ते आपण पाहिलंय, त्यामुळे ऑक्टोबर कोरडाच जाईल असं समजू नका. परडी आणि पोत घेऊन जाणाऱ्या आराध्यांनी तेलाची बाटली वेगळ्या पिशवीत ठेवावी, आणि गर्दीत पेटती पोत धरताना मागच्याच्या पदराकडे लक्ष द्यावं.

फोन चार्ज करून घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. लाखोंची गर्दी एका जागी आली की नेटवर्क कोलमडतं. टॉवर तोच असतो, मागणारे शंभरपट होतात. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, आणि घरच्यांचा नंबर कागदावर लिहून लहान मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या खिशात ठेवा.

पाय, आणि माझी मावशी

नवी चप्पल किंवा नवे बूट या वाटेसाठी नकोत. बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलिन लावा. फोड आला तर फोडू नका. स्वच्छ धुऊन, कोरडा करून वरून पट्टी लावा. सुईदोरा ओवून पाणी काढण्याचा सल्ला वाटेत दहा जण देतील, तो ऐकू नका.

अनवाणी चालण्याचा नवस असेल तर घरातलं कुणी मोडा म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी हा वेगळा विषय आहे. माझ्या मावशीला बारा वर्षांपासून साखर आहे. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याबरोबर अनवाणी आली. घाटात मी विचारलं, "मावशे, पाय दुखतायत का गं?" म्हणाली, "काय बी न्हाई बग, आईच चालवायलीय." तिला खरंच दुखत नव्हतं. सकाळी तुळजापुरात पाय धुताना अंगठ्याखाली काचेचा तुकडा रुतलेला दिसला, आणि भोवती रक्त वाळलेलं. जुन्या मधुमेहात पायाच्या नसांची जाणीव कमी होते, त्यामुळे जखम कळत नाही. ती जखम भरायला अडीच महिने लागले, आणि मधल्या काळात डॉक्टरांनी अंगठा काढण्याचंही बोलून दाखवलं होतं.

पुढच्या वर्षी ती बुटात आली. देवीला काय सांगितलं ते तिने आम्हाला सांगितलं नाही.

साखर असलेल्यांनी निघण्याआधी गोळ्या-इन्सुलिनच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारावं. नऊ दिवसांचा उपवास आणि त्यावर रात्रभर चालणं, यात साखर अचानक खाली येऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर किंवा ग्लुकोज तोंडात, मग बाकीचं. दर तासाला थांबून दुसऱ्या कुणाला तरी तळवे बघायला सांगा. स्वतःचे तळवे रात्री स्वतःला दिसत नाहीत.

रस्ता आणि परतीचं

सोलापूर-तुळजापूर मार्गावरची वाहतूक पौर्णिमेच्या काळात दरवर्षी वळवली जाते. इतर रस्त्यांवर तशी खात्री धरू नका. वाहनं चालू असतील तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. पाठीवर रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, स्वस्त असते आणि ट्रकच्या दिव्यात लांबून चमकते. काळ्या साडीत किंवा गडद शर्टात रात्री माणूस दिसतच नाही.

तुळजापूरला अजून रेल्वे नाही, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचं काम चालू आहे. म्हणजे परतीला एसटीच. जादा गाड्या सुटतात, पण रस्ते बंद असल्याने त्या नेहमीच्या जागी मिळतीलच असं नाही. मंदिरात शिरण्याआधीच पोलिसांना किंवा एसटीच्या कर्मचाऱ्याला थांबा विचारून ठेवा. दर्शनानंतर आणखी तीन किलोमीटर उलटं चालायची ताकद कुणात नसते. आणि परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे, रोख, कनवटीला. यूपीआय त्या दिवशी चालेल या भरवशावर आम्ही एकदा स्टँडवर चार तास बसलो होतो.