बाभूळ पेरणारी शेळी

पोरांनो, वैशाखात पहूरहून अजिंठ्याच्या डोंगराकडे निघालं, की कपाशीची रानं उघडी पडलेली असतात. औषधालाही गवताची काडी मिळत नाही. तरी बांधावरच्या बाभळीखाली शेळ्यांची झुंबड! चाऱ्याची ओरड असते, नेमक्या त्याच दिवसांत बाभळीच्या शेंगा पिकून गळतात. करड्या, मण्यांच्या माळेसारख्या. एखादी चावून पाहा, तोंड तुरट होईल. शेळीला मात्र तो मेवा. प्रथिनं असतात ना त्यात.

आता बाभळीला यातून काय मिळालं? एका शेंगेत 8 ते 12 बिया, त्यांचं कवच असं टणक की पावसातही पाणी सहज आत शिरत नाही. शिवाय बाभळीला ऊन लागतं. आईच्या सावलीत लेकरू खुरटतं. मग बी दूर न्यायचं कोणी? शेळी शेंग अर्धवट चावून गिळते. पोटाच्या पहिल्या कप्प्यात, 39 अंशांच्या उबेत ती चांगली भिजते. रात्री वाड्यात रवंथ करताना टणक बिया दाताखाली आल्या, की शेळी त्या सरळ थुंकून टाकते. काही लेंड्यांतून पडतात. एव्हाना कवच नरमलेलं असतं, बी लवकर उगवतं. म्हणून तर बाभळीची लागवड करणारे शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातलं बी गोळा करतात. धुळ्याकडचे ठेलारी मेंढपाळ शेतात मेंढरं बसवतात ना, तेव्हा खताबरोबर असं बीही पडत असणार!

पण शेळी ती शेळीच. स्वतः पेरलेल्या रोपाचाही शेंडा खुडणार. बाभळीनं त्याची तजवीज केलेली आहे. रोपाला जोडीजोडीनं बोटभर पांढरे काटे येतात. झाड वाढलं की ते कमी होत जातात, जुन्या झाडाला कित्येकदा नसतातच. जिथं शेळीचं तोंड पोचत नाही, तिथं हत्यार कशाला बाळगायचं?

तरी काट्यांतून पानं टिपण्यात शेळीचे ओठ भारी तरबेज. ज्याला शेळ्याही पाळायच्या आणि झाडंही, त्यानं पहिली दोन-तीन वर्षं रोपाभोवती काट्या रचाव्यात. बाभळीच्याच की! पुढं छाटणीचा पाला शेळीला, लाकूड औताला. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, तो वेगळाच. बाभळीखाली कपाशी नीट येत नाही अशी तक्रार असते आणि ती खोटी नाही. म्हणून नवी बाभूळ पिकाजवळ नको, वाड्याभोवती किंवा पडीक तुकड्यात लावा. वाड्यात शेळ्यांना उन्हाळ्यात सावली लागतेच.