ठिबक सिंचन : थोड्या पाण्यात दुसरे पीक

आपल्या डहाणू-तलासरी भागात पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तो भरपूर कोसळतो. परंतु उताराच्या जमिनीवरून वाहत ओढ्यानाल्यांवाटे समुद्राला मिळतो. विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्रात भरते, तोपर्यंत कित्येक विहिरींनी तळ गाठलेला असतो. भात कापला की शेत मोकळे आणि हात रिकामे. मग अनेक कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. म्हणून विहिरीतील पाण्याचा प्रश्न हा केवळ शेतीचा नसून शिक्षणाचाही आहे, असे आम्ही मानतो.

ठिबक म्हणजे काय?

पाटाने पाणी दिले तर बरेचसे पाणी वाटेत मुरते, उन्हाने उडते किंवा तणाला मिळते. ठिबक पद्धतीत पाणी नळ्यांतून थेट मुळाशी थेंबथेंब पडते. त्यामुळे मुळांजवळ कायम वाफसा राहतो, तण कमी उगवते आणि विरघळणारे खतही पाण्यासोबत देता येते. इस्रायलचे अभियंता सिमचा ब्लास यांच्या कल्पनेवरून १९६५ मध्ये हत्झेरिम किबुत्झने या संचाचे उत्पादन हाती घेतले. पुढे आपल्या महाराष्ट्रात जळगावच्या केळीबागांनी ही पद्धत उचलून धरली. डहाणूच्या चिकूला आणि मिरचीलाही ती मानवते.

थोडे गणित

विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. समजा, एक एकर (सुमारे ४,००० चौरस मीटर) मिरचीला रोज ४ मिलिमीटर पाणी हवे. म्हणजे १६,००० लिटर. उपनळ्या दीड मीटर अंतरावर आणि तोट्या ४० सेंटिमीटरवर घेतल्या, तर सुमारे ६,६५० तोट्या बसतात. प्रत्येक तोटी ताशी २ लिटर पाणी देत असेल, तर ताशी १३,३०० लिटर पाणी पडते. म्हणजेच रोज सुमारे सव्वा तास पंप पुरे. पंप तेवढे पाणी देत नसेल, तर शेताचे दोन भाग करून आळीपाळीने पाणी द्यावे.

काळजी

गाळणी हा या संचाचा प्राण होय. ती नियमित धुवावी आणि उपनळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ काढावा. तोट्या तुंबल्या तर काही झाडे तहानलेली राहतात. ठिबक नवे पाणी निर्माण करीत नाही. असलेले पाणी पुरवून वापरते, हेही ध्यानात ठेवावे. विहिरीचे पाणी किती महिने टिकते ते पाहूनच क्षेत्र ठरवावे.

शासकीय साहाय्य

केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के अनुदान असून राज्य शासन त्यात पूरक भर घालते. याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, तर आदिवासी बांधवांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. सातबारावर स्वतःचे नाव नसल्यास अर्ज अडतो; म्हणून वडिलोपार्जित जमिनीची वारसनोंद आधी करून घ्यावी.

शिकलेल्या तरुणांनी आपल्या पाड्यातील किमान एका शेतकऱ्याचा अर्ज भरून द्यावा, अशी आमची विनंती आहे. एका कुटुंबाला दुसरे पीक मिळाले, तर त्या घरातील मूल वर्षभर शाळेत राहील.