कागदाची वास्तु आणि आंतला दिवा



दिवाळी आली म्हणजे वसईकडील मुलें अंगणांत मातीचे किल्ले रचतात. नाताळ आला म्हणजे तेथील ख्रिस्ती घरांतून येशुजन्माचे गोठे उभे राहतात आणि दारांवर कागदी तारे लटकूं लागतात. साध्या वस्तूंतून लहानशी वास्तु उभारणें ही कला ह्या भागाला नवी नाहीं. तिचाच एक नाजूक प्रकार म्हणजे केवळ कागद व पुठ्ठा ह्यांची हुबेहूब इमारत करून तिच्या आंत दिवा लावणें. ती कशी करावी हें आज सांगावयाचें आहे. आणि उदाहरणासाठीं मीं वसईच्या किल्ल्यांतील सेंट जोसेफचें जुनें चर्च निवडलें आहे.

हा छंद युरोपांत वाढीस लागला. फ्रान्समधील एपिनाल येथील पेलेरँ आणि जर्मनींतील एस्लिंगेन येथील श्रायबर ह्यांच्या छापखान्यांतून एकोणिसाव्या शतकांत कापून चिकटविण्याच्या इमारतींचे रंगीत तक्ते निघत. पुढें १९२० ते १९४० च्या दरम्यान जपानांत पुठ्ठ्याचीं लहान घरकुलें तयार होऊन अमेरिकेंत जात व नाताळच्या झाडाखालीं मांडलीं जात. त्यांच्या मागल्या भिंतीस एक भोंक असे. त्यांतून विजेचा बारीक दिवा आंत सरकविला कीं रंगीत पारदर्शक कागदाच्या खिडक्या उजळून निघत. त्या भोंकांतच ह्या विद्येचें मर्म आहे. दिवा कोठून जाणार, कोठें बसणार, बिघडल्यास कसा काढणार, हें घर बांधण्यापूर्वींच ठरलेलें होतें. अगोदर इमारत चिकटवून मग दिव्याला जागा शोधूं लागलें, म्हणजे ती फाडण्याचीच पाळी येते.

आतां आपल्या चर्चकडे वळूं. वसई १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. सेंट जोसेफचें चर्च त्यानंतर थोड्याच वर्षांत उभें राहिलें, आणि १६०१ सालीं झालेल्या त्याच्या जीर्णोद्धाराची नोंद शिलालेखांत आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला जिंकला. तदनंतर वसईच्या चर्चांतील घंटा मराठी मुलखांतील देवळांत गेल्या, आणि नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांपैकींच एक होय. सेंट जोसेफचा दर्शनी मनोरा अद्याप उभा आहे. मुख्य दालनावर मात्र छप्पर उरलेलें नाहीं.

म्हणून कात्री हातीं घेण्यापूर्वीं पहिला प्रश्न असा कीं, आपण कोणत्या काळची इमारत करणार? आज दिसते तशी केली, तर आंतल्या दिव्याचा उजेड वरून निघून जाईल आणि खिडक्या मंदच राहतील. खिडक्या उजळावयाच्या तर छप्पर घातलें पाहिजे. छप्पर घालावयाचें तर तें कोठें व कसें टेकलें असेल, ह्याच्या खुणा उरलेल्या भिंतींवर शोधल्या पाहिजेत. मनोऱ्यांत घंटा टांगली, तर ती इमारत १७३९ पूर्वींची ठरेल. अशा रीतीनें एक लहानसा दिवा आपणांस पुन्हा किल्ल्यांत नेतो आणि भिंतीकडे नीट पाहावयास लावतो. नुसतें छायाचित्र घेऊन परतणारास हे प्रश्न पडतच नाहींत.

मापें घेण्यास मोठीं साधनें लागत नाहींत. दाराजवळ माहीत असलेल्या उंचीचा मनुष्य उभा करावा आणि बरेंच दूर, अगदीं समोर उभें राहून छायाचित्र घ्यावें. त्या माणसाच्या किती पट दार आणि दाराच्या किती पट मनोरा, हें पट्टीनें मोजलें कीं बहुतेक मापें हातीं येतात. प्रत्यक्षांतील १ मीटरला कागदावर १ सेंटिमीटर हें प्रमाण घरच्या टेबलास सोयीचें पडतें.

कागद जाड ड्रॉइंगचा घ्यावा. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदांत तंतु बहुधा एकाच दिशेस लागलेले असतात. कागद दोन्ही दिशांनीं हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेनें तो सहज वाकतो, त्या दिशेच्या घडीला तंतु समांतर आहेत असें समजावें. उंच भिंत कापतांना तंतु उभे येतील असें पाहावें, म्हणजे कोपऱ्याच्या उभ्या घड्या सुबक पडतात. घडीच्या रेघेवरून प्रथम सुरीची बोथट पाठ फिरवावी. चिकटविण्यासाठीं प्रत्येक कडेस सुमारें ८ मिलिमीटर रुंदीचे कान ठेवावे.

ह्यापुढें दिव्याचा विचार. दिवसा सुरेख दिसणारी कागदी भिंत रात्रीं दिवा लावतांच कंदिलासारखी सबंध उजळते. आंतले कान व खळीचे डाग सावल्यांच्या रूपानें बाहेर दिसूं लागतात. दगडी भिंतीचा भास तेथेंच संपतो. ह्यास्तव खिडक्या कापून झाल्यावर भिंतींना आंतून काळा कागद चिकटवावा व त्यावर पांढरा कागद द्यावा. काळा थर उजेड अडवितो आणि पांढरा थर तो आंतल्या आंत फिरवितो. खिडक्यांमागें बटर पेपर लावावा. त्याच्या योगानें उजेड पसरतो व दिवा स्वतः दिसत नाहीं. दिव्याचें तोंड खिडकीकडे न करितां छपराकडे करावें. परतून आलेला उजेड सर्व खिडक्यांत सारखा वांटला जातो. छप्पर चिकटवूं नये, नुसतें बसवावें. आणि तळच्या पुठ्ठ्यास दिवा काढतां येईल एवढें भोंक ठेवावें.

दिवा कोणता असावा, ह्याविषयीं तडजोड नको. पणती किंवा मेणबत्ती कागदी इमारतींत कदापि ठेवूं नये. सुमारें २३० अंश सेल्सिअसला कागद पेट घेतो, आणि ज्योतीची उष्णता त्याच्या कित्येक पट असते. जुन्या तारेच्या बल्बांतही विजेचा नऊ दशांशांहून अधिक भाग उष्णतेंतच जातो. दोन पेन्सिल सेलांवर चालणारी एल. ई. डी. दिव्यांची लहान माळ उत्तम. पिवळसर उजेडाची घेतल्यास जुन्या वास्तूस शोभते. बटनासारखे चपटे सेल मात्र लहान मुलांच्या घरांत टाळावे; ते गिळले गेल्यास जिवावर बेततें.

वसईची हवा समुद्राची व दमट. कागद ओल शोषून घेतो, आणि एकाच बाजूस रंग किंवा खळ लागली असल्यास भिंत वांकडी होते. म्हणून दोन्ही बाजूंस सारखेच थर द्यावे, ते वजनाखालीं दाबून वाळवावे व पावसाळ्यांत इमारत बंद पेटींत ठेवावी. प्रत्येक टप्प्यास खोली अंधारी करून आंत दिवा धरून पाहावा. जेथून उजेड झिरपेल, तेथें तत्काळ काळी पट्टी लावावी. छप्पर बसल्यावर ती फट हातीं लागत नाहीं.

ह्या खटपटीचा लाभ काय, असें कोणी विचारील. ज्या मुलानें सेंट जोसेफच्या खिडक्या मोजून कापल्या व छपराचा उतार विचारपूर्वक ठरविला, त्याच्या लेखीं तो किल्ला नुसती पडकी जागा राहत नाहीं. तेथें काय होतें, काय गेलें आणि जें उरलें तें कां जपावयाचें, हें त्याच्या बोटांना कळलेलें असतें. पाऊस ओसरल्यावर मुलांना घेऊन एकदां तेथें जा. ढासळत्या भिंतींवर चढूं देऊं नका. बरोबर पट्टी, वही आणि पेन्सिल असूं द्या. भिंतीवर आपलें नांव कोरण्यापेक्षां भिंतीचें माप घरीं आणणें केव्हांही चांगलें.